बांगडा कुठल्या कपाटात? नव्या ग्रंथपालांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

ग्रंथालयशास्त्र करून कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयात रुजू झालात की पहिली धास्ती विषयांची असते. सकाळी मत्स्यविज्ञानाची मुलगी येते, तिच्यामागे मोडी कागदांच्या झेरॉक्स घेऊन इतिहासवाला, जेवणाच्या सुट्टीत काजूवरच्या किडीबद्दल फोन. आपण बी.ए. मराठीवाले, यांना काय कप्पाळ मदत करणार? मीही मराठीचीच. रत्नागिरीत हे काम करता करता कळलं की सगळे विषय यायची गरज नसते. त्या त्या विषयातली माणसं पुरावा कशाला म्हणतात हे ओळखता आलं की बरंचसं भागतं.

बांगडा घ्या. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, प्राणी म्हणून तो ५९७ मध्ये, मासेमारी ६३९ मध्ये, उत्पादन आणि अर्थकारण ३३८ मध्ये आणि त्याचं तिखलं ६४१ मध्ये. म्हणून ‘बांगड्यावर काय आहे?’ असं कोणी विचारलं तर कपाट दाखवायची घाई करू नका. ‘बांगड्याचं काय हवंय?’ हे आधी विचारा. प्राणिशास्त्राला तो मोजपट्टीवर हवा असतो: लांबी, वजन, पोटातलं खाद्य, अंडाशयाची अवस्था. अर्थशास्त्राला बंदरावरच्या लिलावाचा भाव आणि डिझेलचा खर्च. समाजशास्त्राला रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढलेल्या मोठ्या जाळ्यातल्या मासळीचे, वाटे कसे पडतात ते, आणि ते सांगणारा कोण, होडी त्याची की दुसऱ्याची, हेही. म्हाताऱ्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, तासाभराची मुलाखत पहिल्याला फार तर प्रस्तावनेत चालते, तिसऱ्याचा सगळा प्रबंधच तिच्यावर उभा राहतो. कोणाचंच चूक नाही. पण पहिल्याला लागणारे संदर्भ तिसऱ्याच्या हातात दिलेत, तर त्याचे दोन महिने फुकट गेलेच समजा.

खरी तारांबळ उडते ती कातळशिल्पांवर, म्हणजे कोकणच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेल्या जुन्या चित्रांवर. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ‘मॅडम, यांचा नक्की काळ कुठल्या पुस्तकात मिळेल?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. उघड्या जांभ्यावर कोरलेल्या रेषेत कोळसा, हाड असं काही सेंद्रिय उरत नाही, त्यामुळे सेंद्रिय अवशेषांवरून वय काढायची कार्बन-१४ची पद्धत तिथे थेट लावता येत नाही. मग अभ्यासक शैली, आसपास मिळणारी दगडी हत्यारं, कोरलेले प्राणी यांवरून अंदाज बांधतात. म्हणजे इतिहासाच्या त्या मुलाला भूशास्त्राचं कपाटही दाखवावं लागतं, कारण जांभा कसा तयार होतो आणि किती झिजतो हे कळल्याशिवाय रेषेच्या खोलीवरून काही बोलणं म्हणजे अंधारात गोळी. देवाचे गोठणे इथे तर शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. ते पाहून आलेला हमखास चमत्काराच्या गोष्टी घेऊन येतो. त्याला मी भूचुंबकत्वाचं पुस्तक देते आणि अलिबागच्या वेधशाळेची हकिगत सांगते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मुंबईतल्याच कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये तिचं काम अलिबागला सुरू झालं. सुई हलली तर आजूबाजूला काय आहे ते आधी तपासायचं, एवढं त्यातून त्याला समजतं.

या सगळ्यात एक गंमत आहे. भाताचा जनुकीय नकाशा करणारा कृषी संशोधक कोसंबींचं १९४४ मधलं सूत्र वापरतो, इतिहासवाला प्राचीन भारतावरचे कोसंबी वाचतो, संस्कृतवाल्याच्या टेबलावर कोसंबींनी संपादित केलेला संस्कृत कवी भर्तृहरी असतो. तिघांच्या संदर्भसूचीतला माणूस एकच, गोव्यातल्या कोसबेनला १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, आणि बऱ्याचदा तिघांनाही याचा पत्ता नसतो. जुनी नाणी चलनात झिजतात, वजन घटतं, तर त्या वजनांवर त्यांनी संख्याशास्त्र लावलं. मात्र हे उदाहरण देऊन कोणाला आंतरविद्याशाखीय विषय घ्यायला फूस लावू नका. कोसंबींचं गणित आधी पक्कं होतं. आपल्याकडे दोन विषय अर्धे कच्चे ठेवून त्याला भारदस्त नाव देण्याची टूम निघालीय, ती मला बिलकूल पसंत नाही.

प्रबंध शोधायला शोधगंगा आणि शेतीसाठी कृषिकोश ही संकेतस्थळं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अनोळखी विषयाचा प्रबंध उघडलात की सारांशानंतर सरळ संशोधनपद्धतीच्या प्रकरणावर जा. नमुने कुठून, किती महिन्यांचे? मूळ कागद कुठल्या दप्तरातला? निष्कर्ष कळला नाही तरी चालेल, एवढं वाचून विद्यार्थ्याशी दोन वाक्यं नीट बोलता येतात.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य संशोधनपत्रिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तरी ‘मॅडम, हे जर्नल केअरमध्ये आहे का?’ हे अजून थांबलेलं नाही. आता उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं. जुने दोन-तीन अंक आणि संपादक मंडळ उघडून बघा. कोळंबीचे रोग, दलित आत्मकथनं आणि काँक्रीटची ताकद एकाच अंकात शेजारीशेजारी असतील, लेख तपासणारे कोण ते कुठेच लिहिलेलं नसेल आणि आठवड्याभरात स्वीकृतीची हमी असेल, तर पैसे भरायच्या आधी त्या मुलाला गाईडकडे परत पाठवा.