ग्राफिक्स कार्ड ‘गेलं’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

"दादा, कार्ड गेलं." मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तरी याच वाक्यानं सुरू होतात. हॅलो नाही, जेवलास का नाही, डायरेक्ट मयताची बातमी. मी कोल्हापूरचा, पीसी असेंबल करणं हा काय माझा धंदा नव्हे, पण मित्र, मित्राचा भाऊ, ऑफिसातल्या सरांचा पोरगा असं करत करत तीसेक मशीन हाताखालून गेली असतील. त्यात खरोखर मेलेली कार्डं निघाली तीन. बाकीची सगळी ठणठणीत होती, फक्त कुणी उपाशी ठेवलेलं, कुणी गुदमरवलेलं आणि कुणी केबलच भलत्या भोकात खुपसलेली.

आधी फुटकळ चुका उरकून टाकतो, कारण याच्यासाठी मला फोन आला की आता राग येतो.

एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलीय का बघा, ती खाली आडव्या कार्डाच्या पोर्टला लागते. तुमचा प्रोसेसर १२४००एफ सारखा शेवटी एफ असलेला असेल किंवा रायझेन ५ ५६०० असेल तर त्यात स्वतःचे ग्राफिक्सच नाहीत, मदरबोर्डच्या पोर्टातून जन्मात डिस्प्ले येणार नाही. मॉनिटरचा इनपुट बरोबर सिलेक्ट केलाय का तेही बघा. कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, आजकालची बरीच कार्डं गार असताना पंखे बंदच ठेवतात, गेम चालू केली की फिरतील. गेममध्ये बारीक किर्रर्र आवाज येतो तो कॉइलचा, त्यानं काही होत नाही, हेडफोन लावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवलाय आणि "कार्डात दम नाही" म्हणणारे भेटलेत. कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्येच बसवायचं, खालचा दिसायला तसाच असतो पण बहुतेक बोर्डांवर आतून चारच लेनचा (डेटा जायच्या वाटांचा) असतो, वरचा सोळाचा. आणि कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची ती छोटी खिट्टी दाबायची असते हो, ओढून स्लॉटसकट उपटायचं नसतं.

एएम५ (एएमडीच्या नव्या रायझेनचं सॉकेट) बोर्डवाल्यांसाठी वेगळं सांगतो. नवीन मशीन पहिल्यांदा चालू केलं की डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाशी जुळवाजुळव, चालतं, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, कधी कधी कित्येक मिनिटं. ही पोरं वीस सेकंद थांबतात, बटण दाबून बंद करतात, परत चालू करतात, परत काळं, परत बंद, असं दहा वेळा करून मग मला फोन. अरे बाबा चहा टाक, पी, कप धुवून ठेव, मग बघ.

आता माझ्या लाडक्या चुकीकडे येतो.

माझा आत्तेभाऊ इचलकरंजीला असतो, खाली घरचेच माग, वर राहायला. त्यानं सेकंडहँड आरएक्स ६७०० एक्सटी घेतलं. दुपारी गेम मस्त चालायची, संध्याकाळी सात-साडेसातला चालू केली की पाच-दहा मिनिटांत मशीन खटकन बंद. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. पठ्ठ्यानं काय काय करावं? विंडोज तीन वेळा टाकलं. रॅम बदलून बघितली. रील बघून कार्ड उघडलं आणि थर्मल पेस्ट बदलली, त्यात मेमरीवरचा एक थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) फाडला, मग तोच तुकडा तुकडा जोडून परत लावला. शेवटी साडेसहा हजार घालून नवीन ७५० वॅटची पॉवर सप्लाय आणली. तरी संध्याकाळी बंद! मग रात्री अकराला मला फोन, "दादा, विकणाऱ्यानं फसवलं, कार्ड गेलं."

मी फोनवर एकच विचारलं, बंद होतं तेव्हा मॉनिटरचा दिवा चालू राहतो का? तो म्हणाला, नाही, मॉनिटर पण जातो. झालं, माझं निम्मं काम तिथंच झालं. कार्ड मेलं किंवा पीसीची पॉवर सप्लाय ट्रिप झाली तर मॉनिटर का जाईल? तो "नो सिग्नल" म्हणून बोंबलत बसेल, त्याचा दिवा चालूच असेल. दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांच्या मागे जे काय आहे ते गेलं. आणि दोघांच्या मागे होता ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) चा यूपीएस, जुन्या ऑफिस पीसीबरोबर आलेला.

आता ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. तसल्या छोट्या यूपीएसवर बारीक अक्षरात खरा आकडा असतो, साधारण ३६० वॅट. नुसतं ते कार्डच २३० वॅट खातं, त्यात प्रोसेसर, बोर्ड, पंखे, मॉनिटर, वर कार्ड मध्येच क्षणभर जास्त ओढतं ते वेगळं. दिवसा व्होल्टेज बरं असायचं, यूपीएस भिंतीतली लाइट तशीच पुढे ढकलायचा, भागून जायचं. संध्याकाळी सगळ्या गल्लीचा लोड आला की व्होल्टेज पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि बॅटरीवर त्याच्यानं एवढं वजन उचलायचं नाही, मग खटकन. तो बंद होण्याआधी टूं टूं ओरडायचा सुद्धा, पण साहेबांच्या कानावर हेडफोन!

रविवारी गेलो, यूपीएस बाजूला काढला, पीसी डायरेक्ट भिंतीत लावला, दोन तास गेम खेळलो. काहीही झालं नाही. साडेसहा हजाराची पॉवर सप्लाय उगाच आली, आणि फाटक्या पॅडमुळे मेमरी तापायला लागली होती ती वेगळी, त्याच्यासाठी मापाचा पॅड मागवून परत कार्ड खोलावं लागलं. म्हणजे चांगल्या कार्डाला आजारी यानंच पाडलं. आता त्याचा यूपीएस राउटर आणि मॉनिटर सांभाळतो. पीसीला यूपीएस हवाच असेल तर आधी सगळ्याची वॅटमध्ये बेरीज करा, मग त्याच्या वर भरपूर जागा ठेवून घ्या, आणि घेताना व्हीए नव्हे वॅट विचारा. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही पॉवर सप्लाय रुसतात, वॅट पुरत असूनही बंद पडतात, हेही डोक्यात ठेवा. तसंच कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, घराला अर्थिंग नाही.

त्याच दिवशी कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यामागे धूळ नव्हती, अक्षरशः गादी होती, मागाच्या कापसाची पांढरी गादी. ब्लोअरनं उडवा, पण उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून त्याची बेअरिंग खराब होते. तुमच्याकडे माग नसतील पण गादी असणारच, एकदा बघा.

म्हणून माझी एक सवय आहे, मी भिंतीकडून सुरू करतो. सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, पॉवर सप्लाय, केबल, स्लॉट, मग कार्ड, मग डिस्प्लेची केबल, मॉनिटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालू करायचं, बघायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्यानं एका झटक्यात रॅम, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही बदलली आणि मशीन चालू झालं, त्याला काय सुधारलं हे कधीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तो परत मला फोन करतो.

केबलचं पाप

हे मी स्वतः केलंय म्हणून जरा जोरात सांगतो. मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबली एका कंपनीच्या दुसरीला चालत नाहीत, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही नाही. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनमध्ये काय, याला कसलंही स्टँडर्ड नाही. गंमत म्हणजे बसतात झकास. मी नवीन पॉवर सप्लाय आणली, कॅबिनेटमधल्या जुन्या केबली छान बांधून ठेवलेल्या, म्हटलं कोण परत सगळं सोडवणार, असू दे. चालू केलं, करपल्याचा वास आला, १ टीबीची हार्डडिस्क खलास. भाचीच्या बारशाचे फोटो होते त्यात. ताई अजून मधूनमधून काढते विषय. कार्ड वाचलं कारण कार्डाची केबल योगायोगानं नवीन घातली होती, हुशारी नव्हती ती.

दुसरं, प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन वेगळी असते. कार्डाची ६+२ अशी तुटते, प्रोसेसरची ४+४. आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, पण जोर लावणाऱ्याला काय अशक्य आहे? एकीकडे जिथं १२ व्होल्ट तिथं दुसरीकडे ग्राउंड, जोर लावून बसवलीच तर शॉर्ट. बसत नसेल तर ती चुकीचीच आहे, एवढं धरून चाला.

हिशेब असा की स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. कार्डाला दोन ८ पिन हव्या असतील तर मी दोन वेगळ्या केबली लावतो, एकाच केबलीला पुढे जोडलेलं दुसरं शेपूट वापरत नाही. छोट्या कार्डांना ते चालतं, कंपन्या देतातही, पण मोठ्या कार्डाला मी नाही लावत, माझं मत. आणि ते मोलेक्स (जुना ४ पिनचा कनेक्टर) वरून ८ पिन करणारे स्वस्तातले अडॅप्टर? कचऱ्यात.

नवीन १६ पिनच्या पॉवर कनेक्टरवाल्यांनो, पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० आलं, ४५० वॅटचं कार्ड, आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले. नीट न बसलेला कनेक्टर हे त्यातलं मोठं कारण निघालं. पुढे डिझाइन सुधारलं, सेन्सच्या पिना (कनेक्टर बसलाय का हे कार्डाला सांगणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्डानं पॉवरच ओढू नये. तरी मी मोबाइलचा टॉर्च मारून फट दिसते का बघतो, आणि कनेक्टरच्या बुडापासूनच वायर वाकवत नाही.

ड्रायव्हर

गेम मध्येच काळी होते, परत येते, कोपऱ्यात ड्रायव्हरचा मेसेज. विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर रीसेट करतं, एवढाच त्याचा अर्थ. कार्ड गेलं असा नाही. मी आधी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं पळवायची सेटिंग) बंद करून बघतो, कारण अर्धवट स्टेबल रॅम बिल ग्राफिक्सच्या नावावर फाडते. मग कार्डाचं ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) असेल तर काढतो. मग ड्रायव्हर: नेट तोडायचं, सेफ मोडमध्ये जायचं, डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्रॅम) वापरून जुना साफ पुसायचा, आधीच उतरवून ठेवलेला नवीन टाकायचा, मग नेट जोडायचं. नेट चालू ठेवलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर घुसवतं. जुन्या कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं लावताना तर हे कराच.

कार्ड उभं लावायची हौस असेल आणि डिस्प्ले येत नसेल तर रायझर केबल (स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी) जेन ३ ची, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीची आहे का बघा, असेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३ करा. फोटोला छान दिसतं म्हणे. मला विचाराल तर नसती उठाठेव.

ओव्हनबद्दल

नाही. कार्ड ओव्हनमध्ये भाजून "ठीक" करायचे व्हिडिओ अजून फिरतात. काही दिवस चालतं, मग परत मरतं, आणि ज्यात केक करता त्या ओव्हनमध्ये प्लास्टिक आणि सोल्डरचा धूर बसतो तो वेगळाच. वॉरंटी असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडायच्या आधी बिल शोधा.

सेकंडहँड घेताना

इथेरियमचं मायनिंग (कार्डं राबवून ते डिजिटल चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही, पंखे आणि पॅड मात्र दमलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन कुणाकडून घ्या, समोर चालू करून अर्धा तास गेम लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर घेऊन जा, जुन्या एनव्हिडिया चिपवर नवीन नाव चढवलेली बनावट कार्डं तो बऱ्याचदा पकडतो.

मग खरं मेलेलं कार्ड कसं ओळखायचं? रंगीत ठिपके, चौकोन, उभ्या रेघा दिसत असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर बघा. मोबाइलवर स्वच्छ दिसला तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर. फक्त गेममध्येच दिसत असेल तर ड्रायव्हर, उष्णता, ओव्हरक्लॉक. पण मशीन चालू करताच, बायोसच्या स्क्रीनवरच रेघा असतील, केबल बदलूनही असतील, दुसऱ्याच्या पीसीतही असतील, तर मात्र हात जोडा. माझ्याकडची तिन्ही अशीच निघाली.

आणि ड्रॉवरमध्ये एक फालतू कार्ड ठेवा. माझ्याकडे जीटी ७१० आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही, गेम कसलीच चालत नाही, पण ते लावून डिस्प्ले आला की बोर्ड, रॅम, स्लॉट सगळे बहुतेक सुटतात. सध्या ते जयसिंगपूरच्या एका मित्राकडे आहे, दोन दिवसांसाठी म्हणून नेलं होतं, गणपतीच्या आधी.