कर्करोगाचा धोका कमी करणाऱ्या रोजच्या सवयी

सुरुवात तंबाखूपासूनच करावी. कारण मुखकर्करोगाला विडी-सिगारेटइतकाच गालात धरलेला मावा, गुटखा आणि दातांना लावायची मिश्रीही कारणीभूत ठरते. नुसती सुपारी निरुपद्रवी असते, हा समज तर सोडूनच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सवय एकट्याने सुटत नसेल, तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

मद्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही, त्यामुळे जितके कमी तितके बरे.

आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालावे. लोकलमध्ये तासभर उभे राहणे हा थकवा आहे, व्यायाम नव्हे. त्यापेक्षा दादरला उतरून शेअर टॅक्सी न घेता कार्यालयापर्यंत झपाझप चालत जाणे अधिक उपयोगी पडते. डब्यात पोळीऐवजी अधूनमधून ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी असावी, आणि गाडीवरचा वडापाव रोजचा नसावा.

तोंडातील पांढरा चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर घरगुती उपाय करत न बसता दंतवैद्याला दाखवावे.