पेमेंट खात्यात पडून असलेल्या पैशांवर व्याज हवंय? या चुका टाळा

खात्यात शिल्लक दिसतेय म्हणजे तिच्यावर व्याज लागतच असेल, असं आपण धरून चालतो. पहिली चूक इथेच होते. पेमेंट खातं पैसे पाठवण्या-घेण्यासाठी असतं; नुसत्या शिल्लकेवर सहसा काहीच मिळत नाही. भारतात तर वॉलेटमधल्या रकमेवर व्याज द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगीच नाही. जिथे व्याज मिळतं, तिथेही बहुतेकदा वेगळा पर्याय आपण स्वतः चालू करावा लागतो.

तो चालू केला की पैसा दुसरीकडे जातो: एखाद्या बँकेत ठेव म्हणून, नाहीतर मनी मार्केट फंडात (सरकारला, बँकांना, कंपन्यांना थोड्या मुदतीचं कर्ज देणाऱ्या गुंतवणूक फंडात) युनिट, म्हणजे हिस्सा म्हणून. अॅपमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठेवीला त्या देशाच्या मर्यादेपर्यंत विमा असू शकतो, फंडाला तसा ठेव विमा नसतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा तिला कर्ज दिलेल्या रिझर्व्ह प्रायमरी फंड या अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडाचं १ डॉलरचं युनिट ९७ सेंटवर आलं आणि लोकांचे पैसे अडकले. म्हणून अटींमध्ये 'ठेव' लिहिलंय की 'फंड', एवढं तरी वाचाच. ठेव असेल तर कोणत्या बँकेत, हेही पाहा. अॅपवाली कंपनी स्वतः बँक नसेल, तर ती बुडाल्यावर आपल्या पैशांचा हिशेब लागायला फार वेळ जाऊ शकतो.

आज दिसणारा दर कायमचा समजू नका. पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीने १९९९ मध्ये असाच मनी मार्केट फंड काढला होता. २००० साली त्याचा परतावा ५ टक्क्यांच्या वर होता. २००८ नंतर व्याजदर कोसळले, फंडातून जवळजवळ काहीच मिळेना आणि २०११ मध्ये तो बंद झाला.

आता शुल्काकडे या, कारण खरा फटका इथे बसतो. समजा, १०,००० वर वर्षाला ४ टक्के मिळतात. म्हणजे वर्षाचे ४००, महिन्याचे साधारण ३३. एक दिवस घाई आहे म्हणून तुम्ही 'लगेच काढा' दाबलं आणि त्याला दीड टक्का शुल्क असेल, तर १५० गेले. साडेचार महिन्यांचं व्याज एका बटणात! एक-दोन दिवस थांबून साध्या मार्गाने काढले, तर बऱ्याच ठिकाणी काही कापलं जात नाही.

व्याज जमाच होत नसेल, तर लगेच तक्रार करू नका. आधी ओळख पडताळणी पूर्ण आहे का, ते बघा. ती अर्धवट असली तर पर्याय चालू दिसूनही पैसे हललेले नसतात. मग तारीख बघा. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेली रक्कम फंडात सोमवारी किंवा त्यानंतरच धरली जाते. व्याज रोज मोजलं तरी बऱ्याचदा महिन्यातून एकदाच जमा होतं. रक्कम फारच लहान असेल, तर रोजचं व्याज सगळ्यात लहान नाण्याएवढंही भरत नाही आणि शून्यच दिसतं.

हे सगळं तपासूनही आकडा जुळला नाही, तर त्या महिन्याचं विवरणपत्र उतरवून घ्या आणि ते जोडूनच तक्रार करा. ते जपूनही ठेवा, कारण हे व्याज बऱ्याच देशांत करपात्र उत्पन्नात धरलं जातं.