घर भाड्याने देताना: नाशिकच्या घरमालकांची जबाबदारी आणि नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी करून पाथर्डी फाट्याला दुसरा फ्लॅट घेतलेले कामगार, मुले पुण्याला स्थायिक झाल्यामुळे गंगापूर रोडवरचे घर रिकामे पडलेले निवृत्त शिक्षक, सिडकोतल्या घराचा वरचा मजला विद्यार्थ्यांना देणाऱ्या गृहिणी असे अनेक घरमालक आहेत. भाडे किती येईल याची चौकशी हे सगळे आधीच करतात. कायद्याने आपल्यावर कोणती जबाबदारी टाकली आहे, याची चौकशी मात्र बहुतेक वेळा भांडण उभे राहिल्यावर होते.

सर्वांत मोठा गैरसमज कराराबद्दल आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की पुरे, असे आजही सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो, आणि ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. डिपॉझिट ऐंशी हजार दिले होते असे त्याने म्हटले, तर ते पन्नासच होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळण्याचे कारण नाही. निवासी लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतले एकूण भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर काढतात. भाडे १२ हजार, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट ५० हजार असेल, तर भाड्याचे १,३२,००० आणि व्याजाचे सुमारे ४,५८३ मिळून १,३६,५८३ रुपये होतात आणि त्यावरचे शुल्क ३४१ रुपयांच्या आसपास येते. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे. ऑनलाइन नोंदणी करताना दस्त हाताळणीचे शुल्क आणि एजंटचे पैसे वेगळे. आधारशी जोडलेले बोटांचे ठसे घेऊन हे काम घरबसल्या होते. एजंट करार वाचून दाखवील या भरवशावर मात्र राहू नये. नाव, पत्ता, मुदत, भाडे, डिपॉझिट आणि नोटिशीचा कालावधी स्वतः डोळ्यांखालून घालावा. मुदत संपून भाडेकरूने घर सोडले नाही, तर याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी करारात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मिळू शकते. हे संरक्षण लेखी करारावर उभे आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हेही मालकाचे काम आहे. ती महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची पोच जपून ठेवावी. गृहनिर्माण सोसायटी असेल तर तिला आधी कळवून कराराची प्रत द्यावी. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे ना-वापर शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, ही मर्यादा शासनानेच घातलेली आहे.

चावी देण्याच्या दिवशी अर्धा तास जास्त द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. भाडेकरूला सोबत घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे, पंखे, ट्यूबलाइट, गिझर, नळ, कपाटांच्या चाव्या यांची यादी करावी, वीजमीटरचे रीडिंग लिहून घ्यावे आणि न्हाणीघराच्या भिंतीवर आधीपासून ओल असेल तर तिचे छायाचित्र काढून दोघांकडेही ठेवावे. त्या यादीवर दोघांच्या सह्या असल्या, की घर सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायचे की नाही, यावरचा वाद निम्मा संपतो. नेहमीच्या वापराने फिका झालेला रंग आणि खिळे ठोकून फोडलेले प्लास्टर यांत फरक आहे. पहिल्याचा खर्च भाडेकरूवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

दुरुस्ती कोणाची, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे घर सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. लिव्ह अँड लायसन्समध्ये ही वाटणी करारातच स्पष्ट लिहावी. गळके छत, तुंबलेली मुख्य ड्रेनेज लाइन, जुने वायरिंग ही मालकाची कामे. बल्ब आणि नळाचा वॉशर भाडेकरूचे. वरच्या मजल्याचे घर असेल तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच तपासावे, कारण जुलैच्या संततधारेत गवंडी मिळत नाही आणि तोपर्यंत भाडेकरूच्या गाद्या भिजलेल्या असतात. घर गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या पूररेषेत येत असेल, तर ते तळमजल्याच्या भाडेकरूला आधीच सांगणे ही मालकाची नैतिक जबाबदारी आहे.

भाडे थकले म्हणून वीज किंवा पाणी तोडता येते का? नाही. अत्यावश्यक सेवा रोखण्यास कलम २९ मनाई करते. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे हे तर पोलीस तक्रारीला निमंत्रणच आहे. थकबाकीची लेखी नोटीस द्यावी आणि कायदेशीर मार्गाने जावे. दुसरी चावी आपल्याकडे आहे म्हणून भाडेकरूच्या गैरहजेरीत आत जाऊ नये. पाहणी करायची असेल तर आधी कळवून, योग्य वेळी जावे.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येत असल्याने पंचवटी आणि परिसरात अल्पमुदतीच्या भाड्याचे आकर्षण वाढणार आहे. राहत्या भाडेकरूची मुदत शिल्लक असताना भाविकांकडून जास्त पैसे मिळतात म्हणून त्याच्यावर घर सोडण्याचा दबाव आणणे हा करारभंग ठरतो. घर त्या काळात मोकळे हवे असेल, तर करार करतानाच मुदत तशी ठेवावी आणि भाडेकरूला कारण सांगावे.

भाडे शक्यतो बँकेतून घ्यावे आणि रोख घेतले तरी पावती द्यावी. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. मिळालेले भाडे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावे लागते. मालकाने स्वतः भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे दुरुस्तीच्या बिलांची वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. भाडेकरू नोकरदार असून वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल, तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी तो मालकाचा पॅन मागेल आणि तो द्यावा. घर सोडताना वीजबिल आणि मेंटेनन्सचा हिशेब त्याच दिवशी करून, कपात असल्यास तिचे कारण लेखी देऊन, उरलेले डिपॉझिट चावी हातात येताच परत करावे.