समुद्राकाठच्या डोंगरावर ओवी कशी रचावी

हरिहरेश्वरच्या डोंगरावर ओवी रचायची, तर आधी ओहोटीची वेळ विचारून घ्या. प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी खाली उतरते आणि पुढे लाटांच्या खडकांवरून जाते. भरतीला तिथं मुळीच जाऊ नका.

आम्ही वाईहून निघालो, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड करत पोचलो. सावित्रीचा उगम आमच्याच महाबळेश्वरला, कृष्णेबरोबर. कृष्णा पूर्वेला वळून वाईच्या घाटावर येते. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. माहेर एक, वाटा दोन. माझी ओवी इथंच सुरू झाली.

खडकावर पोचलात की वही बंद ठेवा. ‘उंच डोंगर, निळा सागर’ हे कुठल्याही किनाऱ्याला चालेल, म्हणून ते टाकून द्या. हात लावून बघा. काळ्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील. खारं पाणी आत मुरतं, सुकताना मिठाचे कण फुगतात आणि दगड कणाकणानं सुटतो. मी बोट घातलं, जिभेला लावलं. खारट! ओवीचा शेवट मला तिथं मिळाला.

आता रचना. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकाशिवाय. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर बोलताना हीच ओवी घेतली, पण तिचं मूळ बायकांच्या कामात आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ च्या ‘मानसोल्लास’मध्ये महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं नोंदलंय. माझी आजी दळताना गायची; तिच्या ओव्या बहुधा दोनच ओळींच्या, अक्षरं कमीजास्त, गळा ती सांभाळून घ्यायचा. म्हणून अक्षरं मोजत बसू नका.

माझी अशी झाली:

सावित्री कड्यावरून धावली ।
डोंगराच्या पायी विसावली ।
लाट येऊन कपारी शिवली ।
मीठ राहिले ॥

घरी आल्यावर जात्याचा खुंटा धरून म्हणा. जातं नसेल तर नुसता हात गोल फिरवा, पण मोठ्यानं म्हणा. माझा दुसरा चरण आधी ‘डोंगराच्या पायथ्याशी येऊन विसावली’ असा होता. फेरा पुरा व्हायच्या आधीच श्वास संपला. ‘पायथ्याशी येऊन’ काढलं, ‘पायी’ ठेवलं, आणि पीठ सरळ पडायला लागलं.