डक्टची सफाई करून घेताना: गरज कशी ओळखायची, कामावर लक्ष कुठे ठेवायचं

सेंट्रल एसीची हवा खोल्यांपर्यंत नेणारे आणि परत आणणारे डक्ट, म्हणजे हवेचे मार्ग, साफ करायला हवेत की नाही, हे ठरवायला एक स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइल पुरतो. आधी एसीचं मशीन बंद करा, त्याचा स्विचही पाडा. खोलीतली हवा जिथून आत ओढली जाते ती रिटर्नची मोठी जाळी काढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि हात कोपरापर्यंत आत घालून व्हिडिओ काढा. सप्लायच्या, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या, दोन-तीन जाळ्यांमागेही हेच करा. त्यातली एक मशीनपासून सगळ्यात लांबची असू द्या. पत्र्यावर पीठ भुरभुरल्यासारखी करडी धूळ दिसली तर घाबरू नका. वापरातल्या कुठल्याही डक्टमध्ये तेवढी असतेच. बोटाने खरवडला तर सोलून निघेल असा धुळीचा जाड थर, बांधकामाचा चुरा, लाकडाचा भुसा, उंदरांच्या लेंड्या, बुरशीसारखे डाग किंवा जाळीतून खोलीत पडणारे कण, यांपैकी काही असेल तरच पुढे जा.

जाळीच्या कडेने भिंतीवर उमटलेली काळी रेघ पाहून मात्र फसू नका. जाळीमागचा पत्र्याचा डबा आणि भिंत यांच्यातल्या फटीतून हवा निसटते आणि तिच्यातली धूळ तिथेच चिकटते. डक्ट कितीही घासले तरी ती रेघ पुन्हा येणार. जाळी काढून फट बुजवावी लागते.

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्पष्ट सांगते की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही, आणि ठरावीक मुदतीने सरसकट सफाई न करता गरज दिसल्यावरच करावी. त्यामुळे ‘दर वर्षी करायलाच हवी’ असं कोणी सांगितलं तर कारण विचारा आणि आतले फोटो मागा.

आधी धुळीचं मूळ शोधा

कारण तसंच राहिलं तर सफाईचे पैसे पाण्यात जातात. फिल्टर बाहेर काढून त्याची चौकट पाहा. कडेला धुळीचे पट्टे असतील तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे. फिल्टर मापाचा बसवा आणि फट सील करा. रिटर्नचा डक्ट छताच्या पोकळीतून किंवा तळघरातून जात असेल तर त्याचे सांधे तपासा. रिटर्नमध्ये ओढ असते, म्हणून सांधा सुटला की तिथली सगळी धूळ आत खेचली जाते. असे सांधे डक्टच्या मॅस्टिकने (फटी बुजवायच्या घट्ट लेपाने) किंवा धातूच्या फॉइल टेपने बंद करतात. कापडी करडी टेप इथे कामाची नाही. उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि टेप सुटते.

ओल असेल तर कॉइलखालचा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जुडीखालचा) ड्रेन पॅन, म्हणजे पाणी गोळा करणारी थाळी, पाहा. त्यात हळूहळू लिटरभर पाणी ओता. ते साचून न राहता निघून जायला हवं. उंदीर असतील तर त्यांची वाट आधी बंद करा. घर जुनं असेल आणि डक्टवरचं आवरण ॲस्बेस्टॉसचं असण्याची शंका असेल, तर त्याला हात लावू नका, कोणाला लावूही देऊ नका. आधी तज्ज्ञाकडून तपासणी.

काम कसं चालायला हवं

सगळं ओढीवर अवलंबून आहे. एक मोठा व्हॅक्यूम मुख्य डक्टला मशीनच्या जवळ जोडतात. त्याचा पाइप मनगटाएवढा नाही, साधारण 8 ते 12 इंच व्यासाचा असतो, आणि त्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागतं. व्हॅक्यूम चालू झाला की डक्टमधला दाब खोलीतल्यापेक्षा कमी होतो आणि सुटलेली धूळ खोलीत न येता व्हॅक्यूमकडेच जाते. व्हॅक्यूम घरात ठेवून त्याची हवा घरातच सोडणार असतील तर त्याला हेपा फिल्टर हवाच, म्हणजे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा. ट्रकवरच्या यंत्राची हवा बाहेर जाते, पण तीही दारं-खिडक्यांपासून दूर सुटायला हवी.

मग सगळ्या जाळ्या फोम किंवा चिकट फिल्मने बंद करतात आणि एका वेळी एकच उघडतात. दहा-बारा तोंडं एकदम उघडी राहिली तर ओढ वाटली जाते आणि मुख्य डक्टमधून फुटलेल्या लांबच्या फांदीत काहीच उरत नाही. हे तुम्ही स्वतः तपासू शकता: व्हॅक्यूम चालू असताना उघड्या जाळीपाशी टिश्यू पेपर धरा. तो आतल्या बाजूला घट्ट खेचला गेला पाहिजे. नुसता फडफडला किंवा खोलीकडे उडाला तर काम थांबवायला सांगा, कारण पुढची धूळ तुमच्या खोलीतच येणार.

नुसत्या ओढीने चिकटलेला थर सुटत नाही. त्यासाठी फिरते ब्रश, दाबाच्या हवेने फटकारणारे रबरी चाबूक किंवा मागच्या दिशेने झोत सोडणारं नोझल आत घालतात. घासणं नेहमी लांबच्या टोकाकडून व्हॅक्यूमच्या दिशेने. सप्लाय आणि रिटर्न वेगवेगळे साफ करतात आणि मधली वाट अडवतात, नाहीतर एकीकडची धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते.

पत्र्याच्या डक्टला ब्रश चालतो. लवचीक डक्टचं आतलं अस्तर मात्र पातळ असतं. कडक ब्रशने ते फाटतं आणि हवा इन्सुलेशनमध्ये शिरते. तिथे मऊ ब्रश किंवा हवेचा झोतच वापरायला सांगा. लवचीक डक्टचा तुकडा फार मळलेला असेल तर बदलणंच शहाणपणाचं. फायबरग्लासचं अस्तर ओलं होऊन त्यावर बुरशी धरली असेल तर ते नीट साफ होत नाही, काढूनच टाकावं लागतं.

डक्ट झाले म्हणजे काम संपलं असं नाही. ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) पंख्याची पाती, कॉइल, ड्रेन पॅन, प्लेनम (मशीनला जोडलेली हवेची मोठी पेटी) आणि जाळ्या हे सगळं त्यात आलं पाहिजे. पात्यांच्या खोलगट बाजूला धूळ भरली की पंखा तेवढ्याच वेगाने फिरूनही कमी हवा फेकतो. कॉइलवर जास्त दाबाचं पाणी मारलं तर फिन्स (तिच्यावरच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि हवेची वाटच बंद होते. हे सगळं बाहेर ठेवून दिलेलं कोटेशन स्वस्त दिसतं, पण काम अर्धंच असतं.

डॅम्परच्या खुणा

काम सुरू होण्याआधी प्रत्येक डॅम्परच्या, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, दांड्याची जागा पत्र्यावर मार्करने रेघ मारून ठेवा. सफाईत दांडे हलतात आणि नंतर एक खोली थंडच होत नाही. मग लोक मशीनला दोष देत बसतात. तसंच प्रत्येक जाळीच्या मागे खोलीचं नाव लिहून ठेवा.

कुठे नाही म्हणायचं

पूर्ण घराचं काम नगण्य पैशांत आणि तासाभरात करून देतो म्हणणाऱ्याला बोलावू नका. साधारण घराला दोन माणसांना तीन ते पाच तास लागतात. आत आल्यावर ‘बुरशी आहे’ म्हणून वेगळी फवारणी सुचवली तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. डोळ्यांनी काळा डाग दिसला म्हणजे बुरशीच, असं होत नाही. जंतुनाशक मारायचंच असेल तर ते डक्टमधल्या वापरासाठी नोंदवलेलं असल्याचं लेबल आधी वाचा, आणि धूळ काढल्याशिवाय मारू देऊ नका. फायबरग्लासवर मारू देऊच नका. धूळ आतच चिकटवून ठेवणारं सीलंट सफाईच्या जागी चालत नाही.

पैसे देण्याआधी

आधी जिथे व्हिडिओ काढला होता त्याच ठिकाणी पुन्हा काढा. पत्र्याचा मूळ रंग दिसला पाहिजे. कोपरे आणि फांद्या फुटतात त्या जागा मुद्दाम बघा, कारण तिथेच थर उरतो. मोठी भोकं पत्र्याचं ठिगळ, स्क्रू आणि मॅस्टिक लावून बंद झाली आहेत का, हवेचं नोझल घालायला पाडलेल्या इंचभराच्या भोकांत बुचं बसली आहेत का, हे हात फिरवून पाहा. ब्लोअर चालू करून त्याच जागी ओला हात धरला तर गळती लगेच कळते. डॅम्पर खुणेवर आहेत का तेही बघा.

नवा फिल्टर मशीनच्या दस्तऐवजात चालतो म्हटलेल्या दर्जाचाच घ्या. मर्व्ह (फिल्टर किती बारीक कण अडवतो याचा आकडा) 8 ते 13 मध्ये बहुतेक घरांची गरज भागते. फार दाट फिल्टर कमी ताकदीच्या ब्लोअरला जड जातो आणि हवा कमी पडते. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेला ठेवा, चौकटीवर तारीख लिहा आणि पहिल्या महिन्यात एकदा काढून पाहा. सफाईत सुटलेले बारीक कण त्यात लवकर भरतात, तेव्हा तो नेहमीपेक्षा आधी बदलावा लागेल.