मूठभर माती आणायची मोहीम कागदावर आखायची तर खालून वर या

नात शाळेच्या प्रकल्पाचा कागद घेऊन आली. मधोमध रॉकेट, खाली ज्वाळा, सगळं रंगवून झालेलं. म्हटलं, "बाई गं, हे सगळ्यात शेवटी." चंद्रावरून किंवा लघुग्रहावरून यंत्राकरवी माती आणायची मोहीम आखताना कागदाच्या तळापासून सुरुवात करायची आणि उलटं वर यायचं. माझी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली, त्यामुळे माल जिथे उघडला जाणार ते टेबल मला आधी दिसतं.

तर तळाशी लिहा: किती ग्रॅम हवेत? हाव धरू नका. जपानच्या हायाबुसा-२ यानाला र्‍युगू लघुग्रहावरून ०.१ ग्रॅम मिळाले तरी चालणार होतं, २०२० मध्ये आले ५.४. तिच्या आधीच्या हायाबुसाची माती उडवायची गोळी इतोकावा लघुग्रहावर सुटलीच नाही, तरी २०१० मध्ये डबीत सुमारे १,५०० बारीक कण निघाले आणि संशोधकांना पुरले.

त्याच्या वर डबीचं झाकण. ते कोण, कशाने उघडणार हे आत्ताच लिहा. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहाची माती सप्टेंबर २०२३ मध्ये आणली, पण आतल्या भांड्याच्या ३५ स्क्रूंपैकी दोन हलेनात. नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत हाताशी येईल ते अवजार नेता येत नाही, म्हणून नवी अवजारं घडवावी लागली आणि जानेवारी २०२४ उजाडला. निघाली १२१.६ ग्रॅम, ठरवलेल्या ६० च्या दुप्पट. त्यातली किमान ७० टक्के पुढच्या संशोधकांसाठी राखून ठेवायची, हेही आधीच ठरलेलं होतं. तुम्हीही ठरवा.

आता कुपी, म्हणजे डबी घेऊन पृथ्वीवर परतणारा यानाचा भाग, जमिनीवर उतरवा. इथे मात्र घाई नको. सूर्याभोवती फिरून येणारी कुपी सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगाने वातावरणात शिरते. स्टारडस्ट यानाची २००६ मध्ये १२.९ ने शिरली. म्हणून पुढे उष्णतारोधक ढाल, मग पॅराशूट आणि खाली मोकळं माळरान: युटाचं वाळवंट, ऑस्ट्रेलियातलं वूमेरा, नाहीतर इनर मंगोलिया.

पॅराशूट कधी उघडायचं हे कुपीला कसं कळणार? हवेत शिरताना जो धक्का बसतो तो ओळखणारा छोटा स्विच असतो. जेनेसिस यानात हे स्विच उलटे बसले होते. सप्टेंबर २००४ मध्ये पॅराशूट उघडलंच नाही आणि कुपी ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने जमिनीत रुतली. जोडणाऱ्याचा दोष नव्हता, ड्रॉइंगच उलटं होतं. हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला, कारण मी एकदा असाच एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, पास केला होता. ड्रॉइंगशी ताडला, तंतोतंत जुळला, पाणी सोडलं तेव्हा कळलं. म्हणून या रकान्यात 'ड्रॉइंगशी जुळतो' असं लिहून भागणार नाही. भाग खरोखर हलवून, धक्का देऊन बघितला का, ते लिहा.

जेनेसिसवाल्यांची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून वाहत येणारे, कण टिपणाऱ्या त्यांच्या चकत्या प्रत्येक संचात वेगळ्या जाडीच्या होत्या. त्यामुळे चुरा झाल्यावरही जाडी मोजून कुठला तुकडा कुठल्या संचातला, ते सांगता आलं.

वर जा: तिथून निघायचं कसं? बेन्नूवरून सुटायला सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर वेग पुरतो, हलका धक्का बास. चंद्रावर २.४ किलोमीटर लागतो, म्हणजे सोबत दुसरं रॉकेट न्यायचं. १९७० मध्ये लुना-१६ने त्यावरून १०१ ग्रॅम थेट पृथ्वीकडे धाडले. चीनच्या चांग-ई-५चं रॉकेट आधी चंद्राच्या कक्षेत दुसऱ्या यानाला जोडलं गेलं, आणि १,७३१ ग्रॅम आले. मंगळावर ५ किलोमीटर लागतो. तिथे फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या नासाच्या गाडीने मातीने-खडकाने भरलेल्या नळ्या अजून तिथेच आहेत.

माती उचलायच्या रकान्यात एकच प्रश्न: ती हाती लागली हे कळणार कसं? पर्सिव्हिअरन्सची पहिली नळी २०२१ मध्ये रिकामी निघाली, खडकाचा भुगा होऊन गळून गेला होता. बेन्नूवर उलटं झालं. इतकी माती भरली की खड्यांनी झडप उघडी राहिली आणि माती सांडू लागली. यानाचा यांत्रिक हात पसरून, यान फिरवून मातीचं वजन करायचं ठरलं होतं. ते रद्द करून सगळं घाईने कुपीत बंद केलं. मातीला हात लावायचा क्षण मात्र यानाने एकट्यानेच निभावला, कारण संदेश पोचायलाच १८ मिनिटं लागत होती.

"आजोबा, आता रॉकेट?" कागदाच्या माथ्यावर दोन बोटं जागा उरली होती. तेवढ्यात तिने बसवलं, ज्वाळांसकट.